‘आता नको वाटतंय, परत घ्या’

मागच्या अंकात मी कबूल केलं होतं की यावेळी पॅकिंगचे प्रश्न घेईन. पण पत्रांत आणि व्हॉट्सॲपवर जे आलंय ते बरंचसं एकाच दुखण्याचं निघालं. ऑनलाईन विकलेला माल चांगला, फोटोत होता तसाच, वेळेत पोचला, आणि तरी गिऱ्हाईक म्हणतंय नको आता, परत घ्या. म्हणून पॅकिंगवाल्यांनी महिनाभर थांबा. पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच देत नाही, फक्त गाव.

प्रश्न: भाऊ नमस्कार. धुळ्यात माझं छोटं साडीचं काम आहे, दोन वर्षं झाली मार्केटप्लेसवर (ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या साईटवर) विकतोय. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात अकरा साड्या गेल्या, लई खूश होतो. रविवारी कानबाई बसली, सोमवारी विसर्जन, आणि मंगळवारी सकाळी मोबाईल उघडतो तर चार रिटर्न रिक्वेस्ट. कारण काय टाकलंय तर ‘आता गरज नाही’, ‘रंग आवडला नाही’. तीन साड्या आल्या तशाच्या तशा, घडीसुद्धा मोडलेली नाही. चौथीच्या पदराला कुंकू आणि वास अगरबत्तीचा. हाई काय शे भाऊ? लोकांना फुकट नेसायला द्यायच्या का साड्या? मी तर ठरवलंय, सगळ्या लिस्टिंगला नो रिटर्न टाकून मोकळं व्हायचं. बरोबर का? (धुळे)

उत्तर: थांबा भाऊ, घाई करू नका. आधी त्या चार साड्यांचे दोन ढीग करा. कुंकवाची साडी एकीकडे. ती नेसून झाली, कानबाईपुढे मिरवून झाली, रोटांचा नैवेद्य झाला आणि मग घडी घालून परत आली, याला मन बदलणं म्हणत नाहीत, ही साडी भाड्याने नेली आणि भाडं बुडवलं. बाकीच्या तीन मात्र खरंच कुणालातरी नकोशा झाल्या, रंग घरी गेल्यावर वेगळा वाटला असेल, नवरा बोलला असेल, जावेने तसलीच आणली असेल. तुमचा राग पहिल्या ढिगावर आहे आणि शिक्षा मात्र दुसऱ्या ढिगाला करायला निघालात.

आमचं जळगावात फुले मार्केटला कापडाचं दुकान होतं, आता नाही. तेव्हा लग्नघरचे लोक दहा-बारा साड्या घरी घेऊन जायचे, बायकांना दाखवायचे, पसंत पडतील त्या ठेवायचे आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी परत. याला जांगड म्हणायचे, सराफ बाजारात हा शब्द अजून ऐकायला मिळतो. आमच्या आप्पांनी कुणाला जांगडीला नाही म्हटलेलं मला आठवत नाही, पण वहीत लिहिलं जायचं, किती नग, कुठला रंग, आणि पिशवी हातात देताना एक वाक्य ठरलेलं, ‘घडी मोडली का साडी तुमची’. म्हणजे परत घेणं तेव्हाही होतंच, फक्त अट पिशवीबरोबर जायची. ऑनलाईनचं रिटर्न हे जांगडच आहे, आपण अट आधी सांगत नाही आणि रिक्वेस्ट आली की डोकं धरून बसतो.

नो रिटर्नचं म्हणाल तर कपड्यांच्या कॅटेगरीत बहुतेक मार्केटप्लेस ते तुमच्या हातात ठेवतच नाहीत, रिटर्नचे दिवस त्यांचे ते ठरवतात. तरी एका ठिकाणी मला तसा पर्याय मिळाला होता, भाव थोडा कमी ठेवायचा आणि माल खराब किंवा चुकीचा असेल तरच परत. मी लगेच सगळ्या साड्यांना तो लावला आणि पहिले पंधरा दिवस वाटलं वा, आपण जिंकलो. मग रिटर्न सुरू झाले, जवळजवळ आधीइतकेच, फक्त कारणं बदलली. आधी जी बाई सरळ ‘आवडली नाही’ असं टाकायची ती आता ‘डॅमेज आहे’ टाकायला लागली, ‘वेगळीच आली’ टाकायला लागली, एकीने तर स्वतःच एक धागा ओढून त्याचा फोटो टाकलेला, मला तो धागा बघूनच कळलं की हा सुईने ओढलाय. आणि आवडली नाही या कारणाने तुमच्या अकाउंटला जेवढा मार बसतो त्याच्या कितीतरी पट खराब माल या कारणाने बसतो. रेटिंग पडलं, लिस्टिंग खाली गेल्या, दीड महिना मी नुसता खुलासे लिहीत होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की मन बदललं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला सरळ दार उघडं ठेवायचं, कारण ते बंद केलं तर तेच गिऱ्हाईक ‘माल खराब निघाला’ असं म्हणत मागच्या दाराने येतं, आणि त्या दाराला कडी नाही.

कडी का नाही ते पण सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखाली २३ जुलै २०२० ला आलेले ई-कॉमर्सचे नियम, त्यात विक्रेत्याला स्पष्ट बजावलंय की माल खराब असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा पोचला असेल तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येणार नाही (उशिराच्या बाबतीत पूर वगैरे आपल्या हाताबाहेरचं कारण असेल तर सूट आहे). या यादीत ‘आवडलं नाही’ कुठेच नाही. म्हणजे निव्वळ मन बदललं म्हणून परत घ्यायची सक्ती कायदा करत नाही, ते तुमच्या पॉलिसीवर किंवा मार्केटप्लेसच्या पॉलिसीवर आहे. पण एकदा पॉलिसीत सात दिवस लिहिलं की ते सात दिवस तुमच्या गळ्यात, तिथे मग मी कुठे वाचलं होतं असं चालत नाही.

मग परवडतं का हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर वहीत आहे, रागात नाही. समजा साडी ८४९ ला विकता, खरेदी ५६०, कमिशन, पाठवणी आणि पॅकिंग मिळून १७०, तर हातात राहिले ११९. तीच साडी परत आली की परतीची पाठवणी १४०, वाया गेलेलं पॅकिंग १८, इस्त्री आणि नवीन पिशवी २५, झाले १८३. म्हणजे एक रिटर्न दीड साडीचा नफा खातं. दहातल्या दोन परत आल्या तर आठ साड्यांचे ९५२ मिळाले, त्यातून ३६६ गेले, ५८६ उरले, चाललंय. दहातल्या चार आल्या की ७१४ मधून ७३२ वजा, आणि तुम्ही खिशातून धंदा करताय. आकडे माझे आहेत, तुमचे तुम्ही घाला, पण ही रेघ प्रत्येक मालाची काढून ठेवा. तुमच्या अकरातल्या चार आल्या म्हणून पोटात गोळा आला, पण तो कानबाईचा आठवडा होता, वर्षभराचा आकडा काढलात का? माझा अंदाज आहे की नाही काढला.

आता कामाचं. कुंकवाची साडी उघडताना व्हिडिओ केला असेल तर आजच क्लेम टाका, ॲमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड), दुसरीकडे दुसरं काही, पण मुदत सगळीकडे असते आणि ती संपली की कुंकू दाखवून उपयोग नाही. व्हिडिओत बंद पार्सलच्या लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे कुरिअरचा पार्सल नंबर, दिसला पाहिजे आणि मध्ये कट नको. त्या बाईशी चॅटमध्ये भांडू नका, ती कबूल करणार नाही आणि तुमचा स्क्रीनशॉट तेवढा गावभर फिरेल.

पुढच्या सणाला दर्शनी भागावर सील टॅग लावा, आत कुठेतरी काठाला नको, पदरावर, असा की तो काढल्याशिवाय साडी नेसताच येणार नाही, आणि टॅगवर मराठीत आणि हिंदीत छापा, ‘टॅग काढल्यावर परत घेतली जाणार नाही’. हेच वाक्य लिस्टिंगमध्ये पण टाका. आप्पांची घडी ती हीच. फक्त माल खरंच खराब असेल तर टॅग निघालेला असला तरी परत घ्यावी लागते, तिथे टॅगचा आधार घेऊ नका.

आणि रंग. ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोत राणी कलर वेगळा येतो आणि अंगणातल्या उन्हात वेगळा, दोन्ही फोटो टाका. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस ८० सेंटीमीटर वेगळा आहे का त्यातच धरलाय ते लिहा, कापड अंगावर कसं पडतं त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका. मन बदलण्याची निम्मी कारणं पार्सल उघडायच्या आधीच तयार झालेली असतात.

एक मात्र कानात सांगतो. तुमची लिस्टिंग उघडून बघितली मी, त्यावर ‘फक्त २ शिल्लक, लवकर करा’ असं लिहिलंय आणि ते गेले तीन आठवडे दोनच शिल्लक आहेत. घाई करून विकलेली साडी घाईनेच परत येते भाऊ, बाई रात्री अकराला घाबरून ऑर्डर टाकते आणि सकाळी चहा पिताना म्हणते काबरं घेतली मी ही. वर २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नची जी १३ प्रकारांची यादी काढली त्यात ही खोटी घाई पण आहे आणि ती नियमावली विक्रेत्यांनाही लागू आहे. काढून टाका ते आजच.

रिक्वेस्ट आली की उत्तर काय लिहायचं असं बरेच जण विचारतात. मी हे पाठवतो, वाटलं तर उचला: ‘ताई, साडी नको वाटली तरी काही हरकत नाही. टॅग लावलेला असेल आणि साडी नेसलेली नसेल तर परत घेतो, पिकअपला माणूस येईल, आमच्याकडे पोचली की तपासून पैसे सोडतो. रंगामुळे परत करत असाल तर हीच साडी मोरपंखी आणि मेहंदी रंगात आहे, फोटो पाठवू का?’ एवढंच. का परत करताय, नीट बघून घ्यायची ना, असलं काही नाही लिहायचं. शेवटच्या वाक्यावर काही जणी खरंच दुसरा रंग घेतात, आणि बदलून दिलेल्या साडीत पाठवणी जरी गेली तरी विक्री हातची जात नाही.

प्रश्न: दादा, मी सावद्याची. आम्ही चौघी मिळून केळीचे वेफर्स, बिबडे, नागलीचे पापड आणि कळण्याचं पीठ विकतो. पुण्याच्या एका बाईंनी बिबड्यांची पाच पाकिटं आणि कळण्याचं पीठ दोन किलो मागवलं. एक पाकीट फोडलं, आणि म्हणतात चव आवडली नाही, पीठ काळपट आहे, उरलेलं सगळं परत घ्या. खायची वस्तू अशी परत घेतात का? नाही म्हटलं तर वाईट रिव्ह्यू टाकीन म्हणतात. (सावदा)

उत्तर: ताई, परत आणू नका. आणलं तरी तुम्ही ते विकणार आहात का? विकू नये, पाकीट बंद असलं तरी ते कुठे ठेवलं होतं, झुरळाच्या औषधाशेजारी होतं का उन्हात होतं, तुम्हाला काय माहीत. म्हणजे परतीच्या पाठवणीचे पैसे घालून तुम्ही फेकायचा माल घरी आणणार. खाण्याच्या वस्तूला मन बदललं म्हणून रिटर्न नाही असं सरळ लिहायला काही अडचण नाही, मात्र ते ऑर्डर देण्याच्या आधी दिसलं पाहिजे, बिलाच्या मागे बारीक अक्षरात नको. आणि बिबडे भुगा होऊन पोचले, बुरशी लागली, वजन कमी भरलं, मिरचीवाले मागवले आणि साधे गेले, तर पैसे परत, तिथे वाद घालायचा नाही, वस्तू परत पण मागायची नाही, फोटो घ्यायचा आणि विषय संपवायचा.

आता त्या बाईंचं. मला वाटतं त्या खोटं बोलत नाहीयेत. आपल्याला कळणा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, ज्वारीत सालीसकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं, ते काळपटच असणार, ठेचा आणि तेल घेऊन बसलं की आपण रंग बघत पण नाही. पुण्याच्या माणसाने पिशवी उघडली की त्याला वाटतं जुनं पीठ पाठवलं. बिबड्यांचं तसंच, त्यांनी आयुष्यात उडदाचा पापड खाल्लेला, हा ज्वारीचा, जाडसर, तीळ घातलेला, भाजला तर वेगळा आणि तळला तर वेगळा लागतो. तुमच्या लिस्टिंगमध्ये काय लिहिलंय तर ‘अस्सल खान्देशी चव’. अहो ज्याला खान्देशी चव माहितीये त्याची मावशीच त्याला पाठवते, तो तुमच्याकडून कशाला घेईल. जो घेतोय त्याला माहीत नाही म्हणून घेतोय! त्याला सांगा, पीठ काळपट असतं कारण उडदाची साल त्यात आहे, भाकरीचा फोटो टाका, पिठाचा टाका, बिबड्याशेजारी हात ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल.

आणि दोन किलोचं पाकीट नवीन गिऱ्हाईकाला विकूच नका, २०० ग्रॅमचं चवीपुरतं पाकीट काढा. पाच पाकिटं एकदम मागवणाऱ्या नवीन माणसाला मी तर स्वतः मेसेज करतो की पहिल्यांदाच घेताय ना, आधी एक नेऊन बघा. लोक मला वेडा म्हणतात. पण एकाला पाच विकून चार परत येण्यापेक्षा एक विकलेलं बरं, आणि त्या मेसेजला लोक जी उत्तरं देतात ती वाचून कळतं तरी की हा माणूस कुठला आहे, कशासाठी घेतोय, त्याच्या घरी तळतात का भाजतात.

रिव्ह्यूच्या धमकीपुढे पूर्ण पैसे देऊ नका, एकदा दिले की ती सवय होते, तिची पण आणि तुमची पण. त्यांना लिहा की खाण्याची वस्तू परत घेता येत नाही हे लिस्टिंगवर होतं, पण पहिल्यांदा घेतलंत आणि पीठ अपेक्षेसारखं वाटलं नाही म्हणून पिठाचे निम्मे पैसे आमच्याकडून, पीठ तुमच्याकडेच राहू द्या, आणि सोबत कळण्याची भाकरी कशी करायची ते पाठवतो. (हे लिस्टिंगवर नसेल तर मात्र पूर्ण द्या, चूक आपली.) तरी त्यांनी वाईट रिव्ह्यू टाकला तर खाली शांतपणे तेच उत्तर टाका, पुढचा माणूस रिव्ह्यू वाचतो तसं तुमचं उत्तर पण वाचतो.

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतून प्लास्टिकच्या चटया घेऊन ऑनलाईन विकतो. कॅश ऑन डिलिव्हरी फार परत येतं. माणूस दारात जातो, गिऱ्हाईक म्हणतं आता नको, संपलं. जाण्याचे पण पैसे माझे, येण्याचे पण माझे. यांच्याकडून दंड घेता येईल का? (जळगाव)

उत्तर: दंड विसरा, दारातून नाही म्हणणाऱ्याच्या मागे तुम्ही कुठे जाणार. याला धंद्यात आरटीओ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन, माझ्या मेव्हण्याला मी एकदा म्हटलं आज सात आरटीओ झाले तर तो म्हणे गाडी पकडली का. असो. हे मन बदलणंच आहे फक्त पार्सल उघडायच्या आधीचं, कारण ज्याने पैसे दिलेले नाहीत त्याचं मन बदलायला काही खर्च येत नाही.

ऑर्डर तुमच्या स्वतःच्या पेजवरून येत असेल तर पाठवायच्या आधी फोन किंवा व्हॉट्सॲप करा, साईज सांगा, रंग सांगा, आणि उत्तर आलं नाही तर पाठवूच नका. आधी यूपीआय केलं तर ३०-४० रुपये कमी, एवढं आमिष पुरतं. मोठी चटई असेल तर शंभर रुपये आधी मागा, शंभर रुपये गेलेला माणूस दार उघडतो.

पण तुमचं खरं नुकसान चटईच्या आकारात आहे. कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन बरेच जण ५००० ने भागतात, आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त आला की त्याचे पैसे लावतात. तुम्ही सहा फुटी गुंडाळी पाठवता, १८३ बाय २० बाय २०, म्हणजे १४.६४ किलो. तीच घडीची चटई ६० बाय ४५ बाय १२ अशी बसली तर ६.४८. चटई तीच, खरं वजन तेच, आणि परत येताना पण हाच हिशोब लागतो म्हणजे फरक दोनदा. तुमच्या पत्रात घडीच्या चटयांचा उल्लेख आहे, मग त्या पण गुंडाळून काबरं पाठवता ते मला कळलं नाही. घडी करा.

प्रश्न: मी विक्रेता नाही, गिऱ्हाईक आहे. ऑफरमध्ये मिक्सर घेतला, घरी आधीच दोन आहेत, बायको चिडली. यूट्यूबवर बघितलं की ऑनलाईन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करायचा कायदेशीर हक्क असतो. विक्रेता म्हणतो नाही. कोण खरं? (भुसावळ)

उत्तर: विक्रेता खरा. तुम्ही बघितलेला व्हिडिओ युरोपातला असणार, तिथे ऑनलाईन खरेदीला १४ दिवस विचार बदलायचा हक्क आहे, त्यात सुद्धा नाशवंत आणि नावाने बनवून घेतलेल्या वस्तू येत नाहीत. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही, जे पॉलिसीत लिहिलंय ते मिळतं. मिक्सर चालत नसेल, जार फुटका असेल, ७५० वॅट लिहून ५०० चा आला असेल तर गोष्ट वेगळी, मग मार्केटप्लेसकडे तक्रार करा, नियमाप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल लागला पाहिजे, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

पण चांगला चालणारा मिक्सर ‘बिघडलाय’ म्हणून परत करू नका हं. तुमच्या पत्रात शेवटी तो विचार डोकावतोय म्हणून लिहिलं, तो भाग मी छापला नाहीये. खोकं उघडलं नसेल तर भाचीच्या लग्नात द्या.

प्रश्न: मी चोपड्यात नवरा-नवरीचे फोटो आणि नावं छापून भिंतीवरची घड्याळं करतो. ऑर्डर घेतली, घड्याळ तयार झालं, आणि निरोप आला की लग्न मोडलं, पैसे परत द्या. १२०० चं काम आहे. नाव छापलेलं घड्याळ मी कुणाला विकू? मुलीच्या भावाने फोन केला होता, आवाज रडवेला होता, मला काही बोलता येईना. मी काय करू आता? (चोपडा)

उत्तर: नियमाने तुम्ही एक रुपया द्यायला बांधील नाही. नावाने बनवलेली वस्तू, छापायच्या आधी त्यांनी व्हॉट्सॲपवर डिझाईन बघून होकार दिलेला, काम बरोबर झालेलं. अशी वस्तू सहसा कुणी परत घेत नाही.

तरी मी असतो तर मशीन काढून घेतली असती. घड्याळाची मशीन, काटे, काच, हे पुन्हा वापरता येतं, वाया गेली ती छापलेली तबकडी आणि तुमची मेहनत. त्याची किंमत धरा, समजा ७००, आणि उरलेले ५०० त्या भावाला परत करा, घड्याळ पाठवू नका, त्या घरात ते जायला नको. आणि तबकडी भंगारात देऊ नका तशीच, नावं फोटो आहेत, फाडून टाका. तुम्हाला त्याचा आवाज रडवेला वाटला ना, मग ५०० रुपयांत तुम्हाला झोप लागेल, आणि समजा तो खोटं बोलत होता तरी ७०० तुमच्याकडे आहेत.

इथून पुढे निम्मे पैसे आधी, आणि डिझाईन पाठवताना खाली एक ओळ, ‘होकार दिल्यावर छपाई सुरू होते, त्यानंतर रद्द करता येत नाही’. त्यांच्याकडून ‘ओके’ नको, ‘हो, छापा’ असं लिहून घ्या. अंगठ्याची खूण तर अजिबातच धरू नका, लोक मेसेज वाचल्याचा अंगठा टाकतात आणि आपण होकार समजतो, माझ्या एका कपांच्या ऑर्डरीत हेच झालं होतं, २४ कप अजून घरी आहेत, पाहुण्यांना चहा त्यातच देतो, त्यावर कुणाच्यातरी शाळेच्या बॅचचं नाव आहे.

प्रश्न: परत आलेल्या मालाचा जीएसटी भरायचा का? आणि सुरुवातीला नंबर घ्यावाच लागतो का? (शहादा)

उत्तर: परत आला आणि पैसे परत दिले तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढायची, जीएसटी कायद्याचं कलम ३४, आणि ती ज्या आर्थिक वर्षातली विक्री आहे त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमध्ये दाखवायची म्हणजे विक्रीचा कर तेवढा कमी होतो. मार्केटप्लेस तुमच्या पैशातून जो टीसीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतं तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या रकमेवर असतो, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे, आधी एक टक्का होता. सेटलमेंटचा रिपोर्ट दर महिन्याला उतरवून ठेवा आणि परत आलेले नग त्याच्याशी ताडून बघा, बरेच जण हे करत नाहीत आणि परत आलेल्या मालावर पण कर भरत बसतात.

नंबरचं असं की १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू विकणाऱ्याची उलाढाल मर्यादेच्या आत असेल (आपल्याकडे वस्तूंना ४० लाख) आणि तो फक्त राज्यातल्या राज्यात विकत असेल तर जीएसटी नंबर न घेता पोर्टलवर नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन मार्केटप्लेसवर विकता येतं. पण तुम्ही शहाद्याचे. तुमच्यापासून सुरत जवळ आणि पुणे लांब, आणि गुजरातला एक जरी पार्सल गेलं की ही सूट गेली. तिथली गिऱ्हाईकं सोडणार नसाल तर सरळ नंबर घ्या, कागदं घेऊन सीएकडे जा.

पॅकिंगचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की. सावद्याच्या ताईंनी फुटलेल्या बिबड्यांचं पण विचारलंय, ते तिथेच घेतो, तोवर त्यांनी डब्यात बिबडे उभे न लावता आडवे ठेवून बघावं आणि मला कळवावं.